लांबूनच दाखवा

“दिवसभर जहाज हिमनद्यांपाशी नेलं आणि एकालाही खाली उतरू दिलं नाही? मग त्या दिवसाचे पैसे कमी करायला नकोत?”

गेल्या शनिवारी नागनाथ पाराजवळच्या एका सभागृहात हा प्रश्न विचारला गेला आणि निम्म्या सभागृहाने माना डोलावल्या. आमच्या पेठेतल्या ज्येष्ठांच्या मंडळात अधूनमधून कुणीतरी आपल्या प्रवासाची छायाचित्रं दाखवतं. या वेळी अलास्काला जाऊन आलेलं एक जोडपं होतं. मुलगा सिएटलला, त्याच्याकडे उन्हाळाभर राहून आलेलं. दोघांनी मनापासून तयारी केली होती, भिंतीवर मोठा नकाशा लावला होता, काकूंनी पक्ष्यांची नावं वहीत लिहून आणली होती. त्या प्रश्नाने काका इतके गडबडले की आपणच काही कमी दाखवलं अशा सुरात खुलासे करू लागले. पुढची दहा मिनिटं जहाजाचं भाडं, विमा आणि जेवण यांतच गेली. काकूंची वही मिटलेलीच राहिली. मला ते फार लागलं. भर सभेत उठून बोलायचा माझा स्वभाव नाही, हे या सदराच्या वाचकांना ठाऊक आहे. जे म्हणायचं ते मी इथे म्हणते.

आधी माहिती. ही जागा म्हणजे ग्लेशियर बे. अलास्काच्या आग्नेय पट्ट्यात, जुनो या राजधानीच्या पश्चिमेला. बाहेरून तिथवर जाणारा रस्ताच नाही. जवळच्या गस्टेव्हस नावाच्या छोट्या गावाला विमानाने किंवा बोटीने पोचायचं. १९२५ साली ही खाडी संरक्षित स्मारक झाली, १९८० साली राष्ट्रीय उद्यान झाली आणि १९९२ साली जागतिक वारशाच्या यादीत आली. क्षेत्रफळ सुमारे तेरा हजार चौरस किलोमीटर, आपल्या पुणे जिल्ह्याहून थोडं कमी. मोठी प्रवासी जहाजं दिवसाला जास्तीत जास्त दोन सोडतात. सकाळी उद्यानाचे रेंजर लहान बोटीतून येतात, चालत्या जहाजावर शिडीने चढतात, दिवसभर ध्वनिक्षेपकावरून माहिती सांगतात आणि संध्याकाळी तसेच उतरून जातात. प्रवाशांनी मात्र जहाज सोडायचं नाही.

आता त्या प्रश्नाबद्दल. हिशेब विचारायला माझा विरोध नाही. आमच्या पेठेतली माणसं आयुष्यभर काटकसर करून, भविष्य निर्वाह निधीतले पैसे काढून असा एखादा प्रवास करतात. त्यांनी पैशाचं विचारायलाच हवं. जहाजावर पोळी-भाजी मिळते का, गुडघे दुखणाऱ्यांना जमेल का, गरम कपडे किती न्यायचे, हे प्रश्नही योग्यच आहेत. पण हे प्रश्न संपल्यावर तरी कुणी विचारायला हवं होतं की उतरू का देत नाहीत? न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली सुरू केलेली वसंत व्याख्यानमाला आजही याच पेठेत, टिळक स्मारक मंदिरात भरते. व्याख्यान ऐकून नेमकं ‘का’ विचारायची सवय आम्हाला पिढ्यान् पिढ्यांची आहे. त्या शनिवारी ते ‘का’ कुणीच विचारलं नाही, याचं मला वाईट वाटतं.

मी तिथे जाऊन आले आहे. मुलीकडे गेले होते तेव्हा आम्ही मायलेकी त्या जहाजाने गेलो. माझी दुर्बीण तुम्हाला माहीत आहेच, पाषाणच्या तळ्यावर आणि सिंहगडाच्या वाटेवर जी गळ्यात असते तीच. उजाडायच्या आत आम्ही वरच्या डेकवर जाऊन उभ्या राहिलो. थंडी हाडांत शिरत होती. दोन्ही बाजूंना डोंगर. खालचं पाणी दुधाळ हिरवट, कारण हिमनदी डोंगर घासत येते आणि दगडाचं पीठ पाण्यात सोडते. खाडीच्या टोकाशी मार्जरी हिमनदी आहे. तिचा कडा दीड किलोमीटरहून जास्त रुंद आणि पाण्यावर सुमारे अडीचशे फूट उंच. बर्फ निळा दिसतो. वर्षानुवर्षांच्या वजनाने दबून त्यातली हवा निघून गेलेली असते आणि असा घट्ट बर्फ उजेडातला तांबडा भाग शोषून घेतो. कप्तानाने यंत्रं मंद केली आणि जहाज जागच्या जागी हळूहळू फिरवलं, दोन्ही बाजूंच्या लोकांना सारखंच दिसावं म्हणून. मग कड्याचा एक तुकडा सुटला. आधी तो पडताना दिसला. पाणी वर उसळलं, कड्यातले किटिवेक पक्षी एकदम उडाले, आणि त्यानंतर गडगडाट आमच्यापर्यंत पोचला.

नेमकं त्याच सुमाराला जेवणाची वेळ झाली आणि डेक जवळजवळ रिकामा झाला. आत काचेशी एक मराठी कुटुंब बसलं होतं, अगदी आपल्यातलं. मुलगी म्हणाली, “आई, बाहेर चल ना, परत पडतंय.” आई म्हणाली, “एकदा पाहिलं ना? सगळं सारखंच असतं ते.” त्या लेकराचा चेहरा मला अजून आठवतो. सगळं सारखं नसतं. तिथला एकेक किलोमीटर वेगळ्या वयाचा आहे, आणि त्यासाठीच शास्त्रज्ञ शंभर वर्षांहून अधिक काळ तिथे जात आहेत.

हे सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही, कारण वनस्पतिशास्त्र शिकवण्यात माझा जन्म गेला. १७९४ साली, महादजी शिंदे वानवडीला वारले त्या वर्षी, ब्रिटिश दर्यावर्दी व्हँकुव्हरच्या मोहिमेतली माणसं या किनाऱ्यावर आली. तेव्हा इथे खाडी नव्हतीच. किनाऱ्याला जरासा खळगा आणि त्यापुढे बर्फाची प्रचंड भिंत. १८७९ साली, वासुदेव बळवंत फडके पकडले गेले त्या वर्षी, निसर्ग अभ्यासक जॉन म्यूर तिथल्या ट्लिंगिट जमातीच्या वाटाड्यांबरोबर होडीतून आले, तोवर बर्फ कित्येक मैल मागे गेला होता. १९१६ सालापर्यंत तो शंभर किलोमीटरहून जास्त मागे सरला होता, इथून साताऱ्याला जितकं अंतर तेवढा. एक गोष्ट नीट समजून घेऊ या, कारण सभेत ती चुकीची सांगितली गेली. ही जुनी माघार आजच्या धुरामुळे झालेली नाही. काही शतकं टिकलेला थंडीचा काळ, ज्याला लहान हिमयुग म्हणतात, तो ओसरला म्हणून ती झाली. आज तिथला बर्फ पातळ होतो आहे त्याला मात्र तापमानवाढ जबाबदार आहे. दोन्ही एकत्र केलं की खरी गोष्टही लोकांना खोटी वाटायला लागते.

त्याच १९१६ साली विल्यम कूपर या वनस्पतिशास्त्रज्ञाने बर्फाखालून नुकत्याच मोकळ्या झालेल्या जमिनीवर छोटे चौकोन आखले आणि त्यांत काय उगवतं ते नोंदायला सुरुवात केली. ते चौकोन आजही पाहिले जातात. आधी उघडा दगड, मग शेवाळ, मग जमिनीलगत पसरणारी झुडपं, मग आल्डर. या आल्डरच्या मुळांवर गाठी असतात आणि त्या हवेतला नायट्रोजन मातीत आणतात. माती तयार झाली की स्प्रूसचं जंगल उभं राहतं. खाडीच्या तोंडाशी दाट जंगल, टोकाशी नागडा खडक आणि मधल्या वाटेवर या सगळ्या पायऱ्या ओळीने. मी हे वर्षानुवर्षं फळ्यावर खडूने काढून शिकवलं. जहाजाच्या कठड्याला धरून मी ते सगळं सरळ समोर पाहिलं. १९२५ साली संरक्षण मिळालं त्यामागे कूपर आणि त्यांच्या सहकाऱ्यांचाच आग्रह होता.

आता ‘का’चं उत्तर. हिमनदीपासून सुटून तरंगणाऱ्या बर्फाच्या तुकड्यांवर सील माद्या पिल्लांना जन्म देतात. जहाज जवळ आलं की आई घाबरून पाण्यात घसरते. पिल्लू एकटं राहतं किंवा तेही पाण्यात पडतं. अंगावर चरबी साठायच्या आधी वारंवार भिजलं तर त्याची ऊब जाते, दूध तुटतं. म्हणून जॉन्स हॉपकिन्स नावाची खाडीची सर्वांत देखणी फांदी पिल्लांच्या हंगामात मोठ्या जहाजांना बंद असते. किनाऱ्यावर अस्वलं असतात. बेटांवर पफिन पक्षी घरटी करतात. एका जहाजावर दोन-तीन हजार माणसं. ती रोज उतरायला लागली तर कूपरचे चौकोन आणि सीलची पिल्लं दोन्ही एका उन्हाळ्यात संपतील. ज्यांना उतरायचंच आहे त्यांना उद्यानाने वाट ठेवली आहे. उद्यानातल्या बार्टलेट कोव्हला राहायचं, दिवसाच्या छोट्या बोटीने जायचं, कयाकने जायचं, अस्वलांपासून वाचवण्यासाठी खाणं बंद डब्यात ठेवायचं, सगळा कचरा परत आणायचा. कष्ट घेतले तर मुक्काम मिळतो.

आणि नियम असूनही काय होतं, तेही ऐका. २००१ सालच्या उन्हाळ्यात ग्लेशियर बेच्या तोंडाशी हंपबॅक जातीची एक देवमाशीण मरून तरंगताना सापडली. तिच्या शेपटीखालच्या पांढऱ्या खुणांवरून शास्त्रज्ञ तिला १९७५ सालापासून ओळखत होते. त्या खुणांमुळेच तिला ‘स्नो’ नाव पडलं होतं. ती गाभण होती. प्रवासी जहाजाची धडक बसून तिची कवटी फुटली होती. जहाज कंपनीने पुढे गुन्हा कबूल केला, दंड भरला. तिचा चाळीस फुटांहून लांब सांगाडा २०१४ पासून बार्टलेट कोव्हला मांडलेला आहे. देवमाशांचा वावर असतो त्या पाण्यात तिथे जहाजांचा वेग तेरा नॉटपर्यंत उतरवतात. एखाद्या प्रवाशाला तो दिवस रेंगाळल्यासारखा वाटत असेल, तर त्याने हा सांगाडा आठवावा.

इथे मला कोकण आठवतं आणि खरं सांगायचं तर गेले आठ दिवस अलास्कापेक्षा माझ्या मनात तेच आहे.

मालवणच्या बाजूला एका किनाऱ्यावर मागच्या हिवाळ्यात मी डॉल्फिन पाहायला बोटीत बसले होते. किनाऱ्यापासून फार आत जावं लागलं नाही. आपल्याकडचे हे कुबडवाले डॉल्फिन उथळ पाण्यातच राहतात, खाड्यांच्या तोंडाशी मासे धरतात. लहानसा कळप होता, एका मादीबरोबर पिल्लू होतं. बघता बघता चारही बाजूंनी बोटी आल्या. प्रत्येक बोटीतून ओरडणं, “तिकडे घ्या, तिकडे! अजून जवळ!” कळप बुडाला की सगळ्या बोटी तो जिकडे वर येईल तिकडे पळायच्या. पिल्लाला श्वास घ्यायला वर यावंच लागतं आणि ते वर आलं की पुन्हा वेढा. ओरडणारी बरीच मंडळी आपल्या पुण्याची होती. बोली ओळखता येते. माझ्या नावाड्याला मी म्हटलं, “भाऊ, यंत्र बंद करा ना, इथूनच बघू.” तो म्हणाला, “ताई, डॉल्फिन नाय दिसलो तर लोका पैशे देनत नाय. मगे आमी काय करूचा?”

त्या नावाड्याचं मला खोटं वाटलं नाही. चार महिन्यांच्या हंगामावर वर्ष काढायचं, डिझेलचे पैसे उचलून द्यायचे, आणि गिऱ्हाईक म्हणणार की दिसलं नाही तर देणार नाही. गोव्यात तर ‘डॉल्फिन नाही तर पैसे नाहीत’ अशी हमीच देतात. ही हमी म्हणजे त्या प्राण्याच्या मागे लागायचा हुकूम आहे आणि तो हुकूम आपण, बोटीत बसणारे, देतो. डॉल्फिन आणि देवमासे वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे वाघाच्या रांगेत. ताडोबात वाघाला जीपगाड्यांनी असं घेरलं तर वर्तमानपत्रांत छायाचित्रं येतात, चौकशी होते. समुद्रातल्या वेढ्याचं कुणी काही बोलत नाही. डॉल्फिनला पाण्यात वाट, भक्ष्य आणि पिल्लू हे सगळं आवाजाने कळतं. दहा बोटींच्या यंत्रांमध्ये आईला पिल्लाची शीळ कशी ऐकू जावी?

देवमासे पाहायला अलास्कालाच जावं लागतं ही समजूतही पुसायला हवी. जून २०१५मध्ये रेवदंड्याला चाळीस फुटांहून लांब निळा देवमासा किनाऱ्याला लागला आणि मेला. नोव्हेंबर २०२३मध्ये गणपतीपुळ्याला देवमाशाचं पिल्लू वाळूत अडकलं. गावकरी आणि सरकारी माणसं रात्रंदिवस धडपडली, त्याला समुद्रात ओढून नेलं, पण ते जगलं नाही. आणि स्नोच्याच जातीचे, हंपबॅक देवमासे आपल्या अरबी समुद्रात आहेत. अलास्काचे हंपबॅक हिवाळ्यात हवाईला जातात, उन्हाळ्यात परत येतात. आपले कुठेच जात नाहीत. सुमारे सत्तर हजार वर्षं ते बाकीच्यांपासून वेगळे राहिले आहेत आणि बारा महिने याच समुद्रात असतात. त्यांची संख्या फार थोडी उरली आहे. आपल्या घरासमोर हे आहे आणि पेठेतल्या कुठल्याही छायाचित्रांच्या कार्यक्रमात मी त्यांचा उल्लेख ऐकलेला नाही.

या प्राण्यांसाठी नियम हवेतच, पण ते वरून लादले तर टिकत नाहीत, हे मान्य करायला हवं. ग्लेशियर बे ही हुना ट्लिंगिट लोकांची मायभूमी. अठराव्या शतकात पुढे सरकलेल्या हिमनदीने त्यांना हुसकलं. बर्फ मागे गेल्यावर ते परतले, तर उद्यानाच्या नियमांनी त्यांची सीलची शिकार आणि कुरव पक्ष्यांची अंडी गोळा करणं थांबवलं. अंडी गोळा करायची परवानगी कायद्याने मिळायला २०१४ साल उजाडलं आणि त्यांचं पारंपरिक सभागृह खाडीच्या काठावर उभं राहिलं ते २०१६ साली. मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ साली जाहीर झालं, एकोणतीस चौरस किलोमीटरचं, सिंधुदुर्ग किल्ला पोटात घेणारं. मच्छीमारांना विश्वासात न घेता ते झालं म्हणून त्यांचा विरोध राहिला, आणि तो समजण्यासारखा आहे. समुद्राला विसावा द्यायचा हे त्यांना कुणी शिकवायला नको. पावसाळ्यात जाळी बंद आणि नारळी पौर्णिमेला नारळ वाहून होड्या पाण्यात, ही त्यांचीच रीत आहे.

गावाला सोबत घेतलं तर काय होतं, ते वेळासला पाहा. मंडणगड तालुक्यातलं लहान गाव. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ साली तिथे ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी राखायला सुरुवात केली, पुढे २००६ पासून कासव महोत्सव सुरू झाला. अंडी राखतात ते गावकरी, पाहुण्यांना घरात ठेवून जेवू घालतात ते गावकरी, आणि दोरीच्या अलीकडे उभं राहा असं सांगतात तेही गावकरीच. पहाटे एखाद्या दिवशी एकही पिल्लू निघत नाही. मी अशा पहाटे तिथे उभी होते. कुणीही पैसे परत मागितले नाहीत. माणसं शांतपणे समुद्राकडे बघून परत फिरली आणि त्यातली काही संध्याकाळी पुन्हा आली. म्हणजे हे आपल्याला जमतं.

दिवाळी जवळ आली आहे. पेठेतल्या निम्म्या घरांचं दापोली, गुहागर, तारकर्लीचं आरक्षण झालं असेल. माझी तुम्हाला कळकळीची विनंती आहे. बोट ठरवतानाच, पाण्यात उतरायच्या आधी, नावाड्याला सांगा: भाऊ, लांबूनच दाखवा. कळपाच्या मागे लागू नका. जवळ आलात तर यंत्र अगदी मंद ठेवा. दुसरी बोट आधीच तिथे असेल तर आपण थांबू. आणि डॉल्फिन दिसला नाही तरी ठरलेले पैसे पूर्ण देऊ. हे शेवटचं वाक्य सर्वांत आधी सांगा, कारण त्याच्या घरची चूल त्यावर चालते. एका बोटीने सांगून फरक पडणार नाही. शंभर बोटींनी सांगितलं तर पडेल. ज्यांनी सांगितलं त्यांनी मला पत्र पाठवून कळवावं. नावाड्याने काय उत्तर दिलं तेही लिहा. पुढच्या लेखांत मी ती पत्रं छापेन.